समोरच्याने दिलेला मी

डोरेमॉन आपल्याकडे हिंदी बोलत आला. नोबिता, जियान, शिझुका आणि तो निळा यंत्रबोका, सगळे स्वतःला 'मैं' म्हणाले आणि आपल्या पोरांना त्यात काही उणं वाटलं नाही. मूळ जपानीत नोबिता 'बोकू' म्हणतो. जियान 'ओरे' म्हणतो, आणि त्या दोन अक्षरांतच त्याचा दंड, त्याचा आवाज, मैदानावरची त्याची सत्ता येऊन बसते. शिझुकाच्या तोंडी 'आताशी'ही येतो, मुलीचा, थोडा लाडिक. दुसऱ्या एका कार्टूनमधला शिनचान 'ओरा' म्हणतो. हा शब्द एखाद्या आडगावच्या म्हाताऱ्याला शोभेल. पाच वर्षांच्या पोराच्या तोंडून तो आला की जपानी माणसाला तिथेच हसू फुटतं. ही सगळी पोरं समुद्र ओलांडून आपल्या दिवाणखान्यात पोचली, पण त्यांचे 'मी' तिकडेच राहिले.

पुण्यात जपानी शिकवताना मला हे वारंवार जाणवतं. पहिल्या धड्यात विद्यार्थ्यांच्या हाती 'वाताशी' पडतो. मुलांनाही तोच, मुलींनाही तोच. पाठ्यपुस्तकाचं बरोबर आहे. परक्या माणसाने कुठेही वापरावा आणि कुणाला खटकू नये असा तो शब्द. पण एखादा मुलगा ओसाकात नोकरीला जातो आणि काही दिवसांनी विचारतो, की दिवसभर ऑफिसात वाताशी म्हणणारी माणसं संध्याकाळी इझाकायात, म्हणजे तिथल्या गुत्त्यात, बिअर पुढे आली की ओरे का म्हणायला लागतात, आणि अशा वेळी मी काय म्हणू? त्या प्रश्नाला व्याकरणात उत्तर नसतं. मी यांच्यात कोण आहे, असंच तो विचारत असतो.

एका जपानी पुरुषाचं अख्खं आयुष्य त्याच्या 'मी'वरून सांगता येईल. लहानपणी आई त्याला बोकू शिकवते. शाळेत जायला लागला की पोरांमध्ये बोकू मऊ वाटायला लागतो, मग बाहेर ओरे आणि घरी आईपुढे पुन्हा बोकू. खेळाच्या संघात कडक शिस्तीचे थोरले असतील तर 'जिबुन', ज्याला पूर्वीच्या सैन्याचा वास आहे. नोकरीच्या मुलाखतीला ताठ बसून 'वाताकुशी'. नोकरी लागली की वाताशी. लग्नानंतर बायकोशी बोलताना ओरे. मूल झालं की मुलाशी बोलताना तो स्वतःला 'ओतोसान' म्हणतो, म्हणजे बाबा, आणि वाक्यातला 'मी' नाहीसाच होतो. म्हातारपणी, तो हिरोशिमाकडचा असेल तर, 'वाशी'. यातले तीन-चार शब्द तर एकाच दिवसात त्याच्या तोंडून जातात, आणि बदलताना तो अडखळत नाही. आपण कुणापुढे उभे आहोत हे कळलं की शब्द आपोआप ओठांवर येतो.

बाईचं आयुष्य असं सांगायला बसलं की हात आखडतो. लहान मुलगी स्वतःला स्वतःच्या नावाने संबोधते. मग वाताशी येतो. त्याचाच एक पाय तोडला की आताशी. औपचारिक वेळी वाताकुशी, किंवा जुन्या खानदानी बाईच्या तोंडी आताकुशी. कोणे एके काळी तोक्योच्या गरीब वस्तीत आताई होता. ओसाका-क्योतोकडे मुली 'उची' म्हणतात, तेवढी एक वेगळी वाट. बाकी सगळ्या एकाच शब्दाच्या फांद्या. पुरुषाला बोकू, ओरे, वाशी, सामुरायाचा 'सेश्शा', पंडिताचा 'वागाहाई' असे निरनिराळ्या मुळांचे शब्द मिळाले. बाईला एकच शब्द मिळाला, आणि तो कुठे किती आखूड करायचा एवढंच स्वातंत्र्य. जपानी भाषेच्या शालीनतेचं कौतुक मी पुष्कळ ऐकलं आहे, स्वतः केलंही आहे. पण या वाटणीपाशी येऊन मला थांबावंसं वाटतं.

कारण ही वाटणी फार जुनी नाही. एदो काळात, म्हणजे अठराशे अडुसष्टच्या आधी, ओरे बायकाही म्हणत. बोकूचा मूळ अर्थ सेवक, दास. चिनी ग्रंथ वाचणाऱ्या विद्वानांनी तो नम्रतेने स्वतःला लावला. त्यानंतरच्या मेइजी काळात नव्या शाळा-महाविद्यालयांतल्या तरुणांनी तो उचलला, आणि सेवकाचा शब्द बघता बघता शिकलेल्या, उमद्या मुलाचा झाला. गंमत अशी की त्या काळात शाळेत जायला लागलेल्या मुलीही बोकू म्हणू लागल्या होत्या. समोरच्याला त्या 'किमी' म्हणत, अगदी विद्यार्थ्यांसारख्या. शिकणारे सगळे ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत त्या बोलत होत्या, इतकंच. वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर टीका झाली, बाईला हे शोभत नाही म्हणून. नाकामुरा मोमोको या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 'बायकांची भाषा' कशी घडवली गेली याचा मागोवा घेतला आहे. शाळा, शिष्टाचाराची पुस्तकं, कादंबऱ्यांतली पात्रं, सगळ्यांनी मिळून ती रचली आणि नंतर ती अनादि काळापासून चालत आल्यासारखी सांगितली. आपल्याकडेही परंपरा म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं किती आजीच्या आजीने पाहिलेलं नसतं!

शब्दांची प्रतिष्ठा इथे सतत घसरत राहते, आणि त्या घसरणीत मला मोठी रंगत वाटते. 'तेमाए' म्हणजे 'माझ्या हातापुढचं', नम्र माणसाचा 'मी'. तोच घासत घासत 'तेमे' झाला, आणि आज तो भांडणात समोरच्याच्या तोंडावर फेकायची शिवी आहे. 'ओनोरे' म्हणजे स्वतः. तोही रागाच्या भरात 'अरे हरामखोरा' होतो. 'किसामा' एकेकाळी पत्रात आदराने लिहीत. आज तो उच्चारला तर मारामारी होईल. अदबीचा शब्द सगळेच वापरू लागले की त्यातली अदब उडून जाते आणि मग नवा शब्द शोधावा लागतो. म्हणून जपानीत 'मी' आणि 'तू' यांच्यासाठी इतके शब्द साचले आहेत.

त्यातला एक शब्द मात्र कुणाला वापरायलाच मिळत नव्हता. चीनच्या पहिल्या सम्राटाने इ.स.पू. २२१ मध्ये, तोवर कुणीही बोलत असलेला एक 'मी' उचलला आणि तो फक्त आपला असं फर्मान काढलं. तो शब्द जपानी दरबारात 'चिन' म्हणून पोचला. १५ ऑगस्ट १९४५ च्या दुपारी जपानी प्रजेने आपल्या सम्राटाचा आवाज रेडिओवर पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो आवाज चिन म्हणत होता. भाषा इतकी जुनी आणि दरबारी होती की युद्ध हरलो आहोत हेसुद्धा कित्येकांना लगेच उमगलं नाही. आज राष्ट्रापुढे बोलताना सम्राटही सर्वांचाच शब्द वापरतात. राजवाड्याच्या भिंती तशाच उभ्या आहेत. 'मी'भोवतीची भिंत पडली, आणि मला ती पडलेली भिंत जास्त मोलाची वाटते.

युद्धानंतर तिथे भाषेकडे नव्याने पाहिलं गेलं. १९५२ मध्ये राष्ट्रीय भाषा परिषदेने 'यापुढची आदरार्थी भाषा' या नावाची एक शिफारस सरकारला दिली. तिच्यात 'मी'साठी वेगळा भाग आहे. स्त्री असो वा पुरुष, वाताशी हेच प्रमाण मानावं, वाताकुशी औपचारिक प्रसंगी. बोकू हा विद्यार्थ्यांचा शब्द. मुलगा शिकून समाजात पाऊल टाकेल तेव्हा त्याने वाताशीवर यावं, आणि शिक्षकांनी तिकडे लक्ष द्यावं. जिबुन टाळावा. हा कागद मी वर्गात नेहमी वाचून दाखवते. हरलेल्या, जळालेल्या, उपाशी देशाने सावरता सावरता, लोकशाहीत नागरिकाने स्वतःला काय म्हणावं याचा विचार केला, स्त्री-पुरुषांना एक शब्द द्यायचा ठरवलं, याचा मला आदर वाटतो. लोकांनी तो अर्धाच मानला. बोकू म्हणणारे पन्नाशीचे प्राध्यापक आणि ओरे म्हणणारे साठीचे कारखानदार तिथे आजही ठायी ठायी भेटतात.

सुझुकी ताकाओ यांचं 'भाषा आणि संस्कृती' हे १९७३ मधलं छोटंसं पुस्तक मी अनेकदा वाचलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की युरोपीय भाषांत माणूस आधी 'मी' असतो आणि मग कुणापुढे तरी उभा राहतो. जपानीत समोर कोण आहे हे कळल्याशिवाय 'मी' ठरतच नाही. त्यांनी दाखवलेली एक गोष्ट मला ओसाकाच्या लोकलमध्ये डोळ्यांनी पाहायला मिळाली. आईशेजारी बसलेल्या चिमुरड्याला समोरच्या आजीबाईंनी विचारलं, "बोकू, कुठे निघालास?" बोकू म्हणजे मी. आजीबाई त्या पोराला 'मी' या नावाने हाक मारत होत्या. घरातल्या सर्वांत धाकट्याच्या जागी जाऊन बोलायचं, आणि तो स्वतःला जे म्हणतो तेच त्याला म्हणायचं, अशी ती रीत आहे. त्याच न्यायाने आई थोरल्या मुलाला 'दादा' म्हणते, आणि आजोबांना त्यांची स्वतःची मुलगी 'आजोबा' म्हणते. हे आपल्याला अजिबात परकं नाही. आपल्या घरात बाळ आलं की एका रात्रीत सगळ्यांची नावं बदलतात. नवरा 'बाबा' होतो, सासूबाई 'आजी' होतात. पण मुलाला 'मी' म्हणून हाक मारणं आपल्याला सुचलं नाही. त्या आजीबाईंकडून ते पोर आपला पहिला 'मी' शिकत होतं. तो बाहेरून, दुसऱ्याच्या ओठांतून त्याच्याकडे येत होता.

बाईलाही तो असाच बाहेरून येतो. फरक एवढाच की तिच्याकडे येणाऱ्या शब्दाबरोबर आवाज किती खाली ठेवायचा हेही येतं.

मराठी माणसाला हे समजून घ्यायला आपलंच व्याकरण उपयोगी पडतं, कारण आपली तऱ्हा नेमकी उलटी आहे. आपला 'मी' सगळ्यांचा एक. शेतमजूर, न्यायाधीश, सासू, सून, कुणीही असो, मीच. लिंग सांगायचं काम आपण क्रियापदावर टाकलं. 'येतो' म्हटलं की पुरुष, 'येते' म्हटलं की बाई. 'मी' गाळला तरी क्रियापद चुगली करतं. जपानी क्रियापद यातलं काहीच सांगत नाही. 'इकिमासु' एवढंच म्हटलं तर जाणारा एक की दहा, बाई की पुरुष, मी की तुम्ही, काही कळत नाही. आणि जपानी बोलण्यात 'मी' बहुतेक वेळा गाळलेलाच असतो. 'सामुई', थंडी वाजते आहे, म्हटलं की ती बोलणाऱ्यालाच वाजते आहे हे गृहीत. दुसऱ्याच्या थंडीसाठी वाक्याची ठेवणच बदलावी लागते. 'पुस्तक कुरेता' म्हटलं की पुस्तक आपल्याकडे आलं. देण्याची दिशा क्रियापदातच आहे. आपण कुठे उभे आहोत हे वाक्याच्या वळणावरून समजतं आणि 'मी' हा शब्द न उच्चारता तासन्तास बोलता येतं. ज्या बाईला वाताशी नकोसा झाला आहे आणि ओरे परवडत नाही, ती या मौनात राहू शकते. पुष्कळजणी राहतात. ज्यांना आपण मुलगा की मुलगी हेच जगाला सांगायचं नसतं, त्यांनाही तिथे श्वास घेता येतो.

मराठीतही असे आडोसे आहेत, फक्त आपलं लक्ष जात नाही. 'मी पत्र लिहिलं' यात लिहिणारा कोण ते दिसत नाही. 'मला आठवतं' यात दिसत नाही. 'मी येईन' यातही नाही. भविष्यकाळात मराठी माणसाला लिंग नसतं. 'येते' म्हणताच मात्र ते पुन्हा येऊन चिकटतं.

माझं बालपण कोल्हापूरकडचं. आमच्याकडे बायका 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी जातो' म्हणतात. आई म्हणायची, आत्या म्हणायची, मीही म्हणत होते, आणि त्यात आम्हाला पुरुषी काही वाटलं नाही. ती घरची, तालमीच्या आणि उसाच्या मुलखातली मोकळी भाषा होती. पुण्यात शिकायला आले तेव्हा वर्गात 'मी आलो' म्हटल्यावर हसू उसळलं, आणि शिकवणाऱ्यांनी सगळ्यांसमोर 'आले' म्हणायला लावलं. मी शिकले. आज 'आले' इतकं अंगवळणी पडलं आहे की सबंध लेख मी त्याच रूपात लिहिते आहे. पण गावी फोन लागला की तिसऱ्या वाक्याला 'आलो' परत येतो, आणि त्याबरोबर आवाजही मोठा होतो.

म्हणून उत्तर जपानात अकिताच्या एका बाजारात लोणच्याची बाई गिऱ्हाइकाला ओरे म्हणताना ऐकली तेव्हा मी तिच्यासमोर उगीचच रेंगाळले. तोहोकूच्या, म्हणजे त्याच उत्तरेकडच्या भागातल्या खेड्यांत वयस्क बायका सर्रास ओरे, ओरा म्हणतात. शहरातल्या शिष्टाचाराची पुस्तकं त्यांच्यापर्यंत पोचली नाहीत, किंवा पोचली तरी त्यांनी ती मनावर घेतली नाहीत. तिच्या ओरेमध्ये जियानची दांडगाई नव्हती. थंडीत उभं राहून मुळ्याचं लोणचं विकणाऱ्या बाईचा तो साधा 'मी' होता, आत्याच्या 'आलो'सारखा.

नवऱ्याला हाक मारायच्या शब्दांत तर आपण आणि जपानी लोक चकित व्हावं इतके जवळ येतो. जपानी बायको नवऱ्याला 'आनाता' म्हणते. शब्दाचा मूळ अर्थ 'पलीकडे, त्या बाजूला'. माणसाचं नाव घ्यायचं नाही म्हणून दिशेचं नाव घ्यायचं. आपल्या पणज्या 'इकडून येणं झालं' म्हणायच्या. पणज्यांनी 'अलीकडे' घेतलं, जपानी बायकोने 'पलीकडे'. दोघींनी नाव मात्र टाळलं. आणि स्वतःसाठी? जपानी बाई फोनवर 'कोचिरा' म्हणते, म्हणजे ही बाजू. उची म्हणजे घर, आतली बाजू. नवरा बाहेर बायकोचा उल्लेख 'कानाई' असा करी, म्हणजे घरातली. वाताकुशीचा जुना अर्थ खाजगी, जे सार्वजनिक नाही ते. बाईला आणि 'मी'ला एकाच आतल्या खोलीत ठेवलेलं आहे, असं हे शब्द शेजारी शेजारी मांडले की दिसायला लागतं.

२०१६ च्या 'किमी नो ना वा' या चित्रपटात एका खेड्यातल्या मुलीला सकाळी जाग येते ती तोक्योतल्या एका मुलाच्या शरीरात. शाळेत ती त्याच्या मित्रांशी बोलायला जाते आणि सवयीने वाताशी म्हणते. मित्र चमकून पाहतात. ती वाताकुशी करून पाहते. मग बोकू. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या जात नाहीत. शेवटी ओरे म्हटल्यावर ते मान डोलावतात. थिएटरात लोक हसतात. मी मात्र तो प्रसंग पाहताना त्या पोरीसाठी कासावीस होते. शरीर बदललं ते तिने निभावून नेलं. मुलांच्या घोळक्यात जागा मिळवायला मात्र योग्य 'मी' सापडेपर्यंत तिला एकेक दार ठोठावत जावं लागतं.

बोकू म्हणणाऱ्या मुली जपानात आजही आहेत. मियाझाकी आयुमी यांनी एका माध्यमिक शाळेत मुलामुलींच्या 'मी'चा अभ्यास केला तेव्हा कित्येक मुली आपसांत बोकू आणि ओरे म्हणताना आढळल्या. आताशी त्यांना फार बायकी वाटे. आणि त्याच शाळेत बोकू म्हणणाऱ्या मुलाला दुबळा समजत. एकच शब्द मुलीला बळ देतो आणि मुलाला कमी लेखतो. शाळेच्या पायऱ्यांवर बसून या मुली जे ठरवत होत्या ते कुठल्या परिषदेने त्यांना विचारलेलं नव्हतं, आणि मेइजी काळातल्या त्या मुलींची गोष्ट त्यांना कुणी सांगितली असेल असंही मला वाटत नाही. त्यांनी तो शब्द पुन्हा स्वतः शोधून काढला.

माझ्या वर्गातल्या मुली हल्ली अॅनिमे बघून आधीच तयार होऊन येतात. "मॅडम, आम्ही बोकू म्हटलं तर चालेल का?" असं दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. मी त्यांना सगळं सांगते. कंपनीच्या मुलाखतीत वाताकुशी म्हणा, कारण तिथे तुमचं पोट आहे. साहेबांपुढे वाताशी म्हणा. जिथे शक्य आहे तिथे 'मी' गाळायला शिका. त्यानेच तुमचं जपानी जपानी वाटेल. बोकू म्हणालात तर काहीजण तुम्हाला पोरकट समजतील, काहीजण चित्रपटातलं पात्र समजतील, आणि एखादी मुलगी तुमच्याकडे बघून हळूच आपलाही बोकू बाहेर काढील. कुणासमोर म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मग मी फळ्यावर ओरे लिहिते, त्याच्याखाली अकिता लिहिते आणि त्याच्याखाली कोल्हापूर, आणि वर्गातल्या सातारा-सांगलीच्या मुलींना विचारते, घरी तुम्ही काय म्हणता, आलो की आले?